गाड्या रागावल्या कधीपासून?

मागच्या महिन्यात नाशकात कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला उभा होतो, डाव्या बाजूने एक स्कूटीवाला पोरगा आला, त्याला पुढे घुसायचं होतं आणि जागा होती जेमतेम दीड फूट, तर त्याच्या स्कूटीचा लेगगार्ड माझ्या बंपरला घासत घासत गेला आणि जाता जाता हेडलाइटच्या खालच्या कोपऱ्याला एक ठोसा देऊन गेला. आवाज म्हणाल तर खट्, एवढाच. पोरगा मागे वळून सॉरी काका म्हणाला, माझा पारा चढायच्या आत सिग्नल सुटला आणि तो गेला. घरी येऊन बघितलं तर काच शाबूत, लाइट लागतोय, फक्त आतला एक प्लॅस्टिकचा कान तुटलेला. म्हणजे ज्या कानात स्क्रू जाऊन तो अख्खा लाइट बॉडीला बसतो ना, तो. शोरूमला नेली तर तिथला मुलगा टॅबमध्ये बघून म्हणाला, सर हे रिपेअर होत नाही, पूर्ण असेंब्ली चेंज होते, आणि आकडा सांगितला एकतीस हजार सातशे. मी म्हटलं अरे बाबा कान तुटलाय, माणूस गेला नाहीये. तो हसला नाही.

मग मी नेहमीचा रस्ता धरला, द्वारका चौकाच्या पुढे एका गल्लीत चाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे तिथे. चाचा आता सत्तरीला आले असतील, माझे वडील त्यांच्याकडे गाडी न्यायचे तेव्हा ते स्वतः हातोडी मारायचे, आता मुलगा मारतो आणि चाचा खुर्ची टाकून बसतात आणि मुलाने मारलेला प्रत्येक ठोका चुकला असं सांगतात. त्यांनी माझ्या बंपरला बोटाने दाबून बघितलं, ते आत गेलं आणि परत बाहेर आलं. "साहेब, ये बंपर थोडी है, ये तो पापड है." मग सोल्डरिंगची इस्त्री तापवली, बारीक जाळीचा तुकडा त्या तुटलेल्या कानावर ठेवला आणि प्लॅस्टिक वितळवून त्यात जाळी पुरून टाकली. सहाशे रुपये. चहा त्यांच्याकडून.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझ्या गाडीशेजारी, अगदी नाकाला नाक लावून, एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाट, उभी होती. कोणीतरी गंगापूर रोडच्या बाजूच्या माणसाने घेतलीये, प्री-वेडिंग शूटला भाड्याने द्यायला, पोरं-पोरी तिच्या बॉनेटवर बसून फोटो काढतात. फिकट आकाशी रंग, म्हणजे आमच्या गाडीचाच रंग, चौऱ्यांशी साली बाबांनी घेतलेल्या पद्मिनीचा. आणि चहा पिता पिता मी त्या दोघींची तोंडं बघत बसलो. पद्मिनीचे दोन गोल डोळे, मध्ये जाळी, खाली क्रोमचा बंपर, असं वाटत होतं की तिला आत्ताच कोणीतरी काहीतरी विचारलंय आणि तिला ते नीट ऐकू आलेलं नाही. आणि माझी, भुवया खाली ओढलेल्या, डोळे बारीक केलेले, तोंड हे एवढं मोठं काळं. कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी. मी तर तिच्यातून सकाळी दूध आणायला जातो हो.

या विषयावर कुठेही चार माणसं जमली की एकच निकाल लागतो, जुन्या लोकांना टेस्ट होती, आताच्या डिझायनरना अक्कल नाही, सगळ्या गाड्या एकसारख्या. मीही हेच म्हणायचो. पण बावीस वर्षं अंबडला टूलरूममध्ये काढल्यावर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या डाय बनवण्यात, एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये की आकार कुणाच्या डोक्यातून सरळ कागदावर आणि कागदावरून सरळ रस्त्यावर येत नसतो. मध्ये पत्रा असतो, प्रेस असते, कायदा असतो, वारा असतो, आयकर नाही पण दुसरा कुठलातरी कर असतो, आणि हे सगळे आपापला हात मारून घेतात. उरलंसुरलं डिझायनरचं.

त्या गोल डोळ्यांचंच घ्या. ते कुणी प्रेमाने निवडले असं मला वाटायचं. तसं नाहीये. अमेरिकेत १९४० पासून सीलबंद हेडलाइट ठरवून दिला होता, सात इंच व्यासाचा, गोल, सगळ्या गाड्यांना तोच, आणि मग ती सात इंचाची थाळी जगभर इतकी पसरली की ज्याला गाडीचा चेहरा काढायचा त्याच्या हातात आधी दोन थाळ्या दिल्या जायच्या आणि सांगायचे, आता यांच्याभोवती काय ते जमव. म्हणून पद्मिनीला त्या, अँबेसिडरला त्या, जीपला त्या. आमच्या पद्मिनीचा एक डूम, म्हणजे हेडलाइट, फुटला होता तेव्हा बाबांनी सरळ अँबेसिडरचा आणून बसवला, घरच्या स्क्रूड्रायव्हरने, अंगणात, आणि संध्याकाळी आम्ही सोमेश्वरला जाऊन आलो. एकतीस हजार सातशे.

म्हणजे तो जो भाबडा चेहरा आपल्याला आवडतो तो कुणी भाबडा करायला म्हणून केलेलाच नव्हता. गोल डोळा भाबडाच दिसतो, माणसाचा असो की गाडीचा. पुढे अमेरिकेने १९८३ मध्ये ती सक्ती उठवली, प्लॅस्टिकची काच आली, लाइट हव्या त्या आकाराचा करता यायला लागला, मग एलईडी आले आणि आता हेडलाइट बोटाएवढा बारीक केला तरी चालतो. डिझायनरला पहिल्यांदा डोळे कसेही काढायची मोकळीक मिळाली. या मोकळिकीचं काय केलं त्यावर मी नंतर येतो.

पत्र्याबद्दल बोलू द्या कारण ते माझं घरचं आहे. सपाट पत्र्याला डायमध्ये दाबून आकार द्यायचा म्हणजे पत्रा वाहवावा लागतो, चारी बाजूंनी आत ओढला जातो, आणि कोपरा फार टोकदार ठेवला तर तिथे पत्रा पातळ होत होत फाटतो, फार सैल सोडला तर सुरकुत्या पडतात. जुन्या काळात सिम्युलेशन वगैरे काही नव्हतं, डाय बनवायची, दाबून बघायचं, फाटलं की कोपरा घासून अजून गोल करायचा. त्यामुळे त्या गाड्यांचे मडगार्ड गुबगुबीत, बॉनेट फुगीर, सगळं कसं पुरीसारखं टम्म. तिथे सौंदर्यदृष्टी होतीच, नाही असं नाही, पण पत्र्याला जे करणं सोपं जात होतं त्याच्याशी तिने जुळवून घेतलेलं होतं. आणि पत्रा जाड होता, त्याला ताठ राहायला मदत लागत नव्हती.

आता बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. वजन कमी, मायलेज जास्त, सगळं बरोबर. पण एवढा पातळ पत्रा मोठ्या सपाट दारावर ठेवला तर अंगठ्याने दाबला की तेलाच्या डब्यासारखा टुक् टुक् करणार. मग त्याला घडी द्यायची. कागदाला घडी घातली की तो उभा राहतो ना, तसं. नव्या गाडीच्या दारावर त्या धारदार रेघा असतात, पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत ओढलेल्या, त्यात दिखाऊपणा भरपूर आहे पण पत्रा ताठ ठेवायचं कामही त्या करतात, आणि आता प्रेस आणि कॉम्प्युटर दोन्ही इतके पुढे गेलेत की तसली रेघ न फाटता काढता येते. पूर्वी तशी मागितली असती तर आमच्या वरच्या पिढीतल्या डायमेकरने ड्रॉइंग परत पाठवलं असतं, बरोबर चार शब्द पण पाठवले असते.

चाचांचा राग नेमका त्या रेघेवर आहे. पद्मिनीच्या मडगार्डला पोचा आला तर ते आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरतात, बाहेरून हातोडी मारतात, मग तळव्याखाली एक जुना मलमलचा तुकडा धरून डोळे मिटून हात फिरवतात. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं, आणि नुसत्या हाताला घाम असतो, तो अडकतो, म्हणून फडकं. उंचवटा लागला की तिथेच अजून एक ठोका, अगदी हळू. मी लहानपणी तासन् तास बघितलंय ते, शेवटी लांबी, म्हणजे पुट्टी, अगदी हलकीशी मारायचे, कारण लांबी थापून पोचा बुजवणं म्हणजे त्यांच्या मते चोरी. पण रेघेचं तसं नाही. रेघ सरळ असते नाहीतर नसते. एक मिलिमीटर हलली तर तिरप्या उन्हात लांबून दिसतं. म्हणून मुलगा आता म्हणतो दारच बदला, आणि चाचा म्हणतात बदल, मला काय करायचंय, आणि उठून बाहेर जातात. शिवाय आतले खांब वेगळ्याच पोलादाचे, तापवून दाबलेले, ते परत तापवले की त्यांची ताकदच जाते. म्हणजे हातोडीने त्यांच्याकडे जायचंच नाही.

वाऱ्याचं गणित मला उशिरा कळलं कारण नाशकात वाऱ्याचा संबंध येतोच कुठे. सीबीएस ते मुंबई नाका, वेग वीस. पण मागच्या वर्षी इगतपुरीच्या इथून समृद्धीला लागलो, एकशेवीसची परवानगी, आणि काटा तिथे नेला की मायलेजचा आकडा डोळ्यांदेखत खाली येताना दिसतो. वेग दुप्पट केला की हवा चौपट जोराने अडवते, आणि ती चौपट अडवणूक दुप्पट वेगाने रेटायची म्हणजे ताकद लागते आठपट. आमच्या पद्मिनीची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास होती आणि तिचं नाक हवेला सरळ छातीने भिडायचं, काही चोरून वगैरे नाही. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तोपर्यंत सर्वसाधारण गाड्यांच्या बाबतीत याची फारशी कुणाला पडलेली नव्हती. त्यानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये मायलेजचा कायदा केला, कंपन्या विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर वारा सोडून बघायच्या बोगद्यात, जाऊन बसल्या, आणि १९८२ ची ऑडी १०० आली ती ०.३० एवढा कमी ड्रॅगचा, म्हणजे हवा अडण्याचा, आकडा घेऊन, काचा बॉडीशी लेव्हल, कुठे काही बाहेर आलेलं नाही. मग सगळेच त्या मागे.

यात आमच्या घरची एक वस्तू गेली. पद्मिनीच्या टपाच्या कडेने एक पन्हळ असायची, पावसाचं पाणी दारावर न येता मागे वाहून जायला. त्या पन्हळीला कॅरियरचे पाय अडकवायचे, नटबोल्ट आवळायचे, आणि वर आत्याकडे जाताना गाद्या, येताना तांदळाचं पोतं. ती पन्हळ हवेला अडवते, शिट्टी वाजवते, म्हणून गेली. आता टपावर जे रूळ असतात ना, त्यातले काही नुसते चिकटवलेले असतात, त्यांना दोरी बांधली तर दोरीसकट हातात येतील.

आणि गाड्या सारख्या दिसतात त्याचं एक कारण हेच. वाऱ्याला दहा जणांनी वेगवेगळं विचारलं तरी तो उत्तर एकच देतो.

सेफ्टीबद्दल मी जपून लिहितो, कारण इथे भावना फार असतात. लोक म्हणतात, जुना पत्रा जाड, गाडी मजबूत, टक्कर झाली तरी काही होत नव्हतं. गाडीला होत नव्हतं, हे खरंय. अमेरिकेत आयआयएचएस नावाची गाड्या आपटून तपासणारी संस्था आहे, त्यांनी २००९ मध्ये संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर आणून आपटल्या. व्हिडिओ बघा एकदा. ती पन्नास वर्षांपूर्वीची रणगाड्यासारखी गाडी आतल्या पुतळ्यावर घडी होऊन कोसळते, खरा माणूस असता तर संपला असता, आणि नव्या गाडीतल्या पुतळ्याचं निभावतं पायाच्या दुखापतीवर. आमच्या पद्मिनीत पुढच्या सीटवर आई मला मांडीवर घेऊन बसायची, समोर पत्र्याचा डॅशबोर्ड. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

गाडीचं नाक मुद्दाम चुरगळावं आणि माणसाची खोली शाबूत राहावी ही युक्ती मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरची, आणि ती पूर्णपणे पहिल्यांदा रस्त्यावर आली १९५९ च्या ज्या मॉडेलमध्ये, त्या मॉडेलला मागे शेपटीचे पंख होते. मला हे फार आवडतं. एकाच गाडीत पुढे भविष्यकाळ आणि मागे नखरा.

पंखांचं सांगतो. जनरल मोटर्सच्या हार्ले अर्लने दुसऱ्या महायुद्धातलं पी-३८ नावाचं दोन शेपट्यांचं लढाऊ विमान बघितलं, डोक्यात बसलं, आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे उंचवटे आले. दरवर्षी ते वाढत गेले, १९५९ पर्यंत इतके वाढले की गाडी उडेल असं वाटावं. उपयोग शून्य. लोकांनी मागच्या वर्षीची गाडी विकून यावर्षीची घ्यावी एवढाच हिशोब. ती लाट इटलीत फियाटपर्यंत पोचली आणि तिथून तिचे दोन थेंब आमच्या गाडीच्या डिकीच्या दोन्ही कडांवर येऊन पडले. पद्मिनीला मागे बारीक पंख होते, नीट बघितलंय का कधी? रविवारी सकाळी गाडी धुवायचं काम माझ्याकडे, ब्रासो घेऊन क्रोम घासायचं, आणि त्या पंखांच्या कंगोऱ्यावरून फडकं फिरवताना हात आपोआप विमानासारखा पुढे जायचा. विमानाचं मला काहीच माहीत नव्हतं तेव्हा. सांगायचा मुद्दा, जुन्या लोकांनी पण थापा मारल्या. फक्त त्या थापा गोड होत्या.

चालणाऱ्या माणसाचा विचार मात्र तेव्हा कोणी केला नाही. आता करावा लागतो, आपल्याकडेही २०१८ पासून नव्या मॉडेल्सना त्याचे नियम लागू झाले. माणूस बॉनेटवर आपटला तर बॉनेट दबलं पाहिजे, आणि ते दबायला त्याच्या आणि खालच्या इंजिनच्या मध्ये रिकामी जागा पाहिजे, म्हणून बॉनेट वर उचललं गेलं आणि गाड्यांची नाकं उंच आणि बोथट झाली. बंपरचा पापड झाला त्यातही या खटाटोपाचा हात आहे, वर मऊ प्लॅस्टिक, आत फोम, त्याच्या आत खरा लोखंडी आडवा दांडा. चाचांच्या शेडच्या कोपऱ्यात बुलबारचा, म्हणजे बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांचा, ढीग पडलाय, गंज खात. एकेकाळी दिवसाला दोन बसवायचे ते, २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ते बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आणि तो धंदा बसला. बुलबार लावला की समोरचा माणूस लोखंडावर आपटतो, आणि धक्का थेट चेसिसवर जाऊन एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब चुकू शकतो. चाचा म्हणतात पब्लिकला काय समजत नाही. त्यांनीच बसवलेत सगळे.

खांब जाड झाले कारण गाडी उलटली तर टप झेलायचा, आणि टपाच्या कडेने खांबांपर्यंत पडद्याच्या एअरबॅगा. काचा लहान झाल्या, त्यात थोडा कायदा आणि बराचसा फॅशनचा भाग, चाकं सतरा-अठरा इंचांची झाली आणि एवढ्या मोठ्या चाकावर बारीक कंबर शोभत नाही म्हणून दारं उंच आणि काचेची पट्टी अरुंद. माझी मुलगी मागे बसली की होळकर पुलावरून तिला गोदावरी दिसत नाही, आकाश दिसतं आणि समोरच्या बसचं टप. मी तिच्या वयाचा होतो तेव्हा गुडघ्यावर बसून त्या पुढच्या त्रिकोणी काचेतून वारा तोंडावर घ्यायचो, ती काच उलटी फिरवली की वारा बरोब्बर नाकात. आता मागचं दिसत नाही म्हणून कॅमेरा आहे. बरा आहे कॅमेरा, तक्रार नाही.

कराची गोष्ट नाशिककराने सांगायलाच पाहिजे कारण ती आपल्या सातपूरमध्ये घडलेली आहे. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची एक्साइज चोवीस टक्क्यांवरून सोळावर आणली आणि छोटी म्हणजे काय तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं. दिल्लीत कुणीतरी एका कागदावर चार मीटर लिहिलं आणि देशातल्या गाड्यांच्या शेपट्या कापायला सुरुवात झाली. २००८ ला टाटाच्या इंडिगोची आखूड सीएस आली, २०१२ ला मारुतीच्या डिझायरची डिकी आखूड झाली. आणि आपल्याकडे सातपूरच्या महिंद्रामध्ये २००७ पासून रेनॉच्या भागीदारीत लोगान बनायची, सव्वाचार मीटर लांब, म्हणजे सवलतीच्या बाहेर.

लोगान आठवते का? हसायचे लोक तिला, डबा म्हणायचे. मला ती मनापासून आवडायची, कारण मला तिच्यातलं काम दिसायचं. काचा जास्तीत जास्त सपाट ठेवलेल्या कारण वाकवलेली काच महाग पडते, डॅशबोर्ड एका दमात मोल्ड केलेला, आणि बाहेरचे आरसे असे की डावा-उजवा एकच पार्ट, उलटा करून दुसरीकडे लावा. एक डाय वाचली! टूलरूमवाल्याला विचारा एक डाय वाचणं म्हणजे काय असतं. ती गाडी कुणालाच काही भासवत नव्हती. नंतर रेनॉ वेगळी झाली, गाडीचं नाव व्हेरिटो झालं, आणि २०१३ ला तिची डिकी कापून तिला चार मीटरच्या आत बसवली, व्हेरिटो व्हाइब. ती मी पहिल्यांदा त्र्यंबक रोडला बघितली, मागून, आणि मला वाटलं ही घाईत निघालीये आणि मागचं काहीतरी घरी राहिलंय. बोलेरोचं पण तसंच, २०१६ ला पॉवर प्लस आली ती चार मीटरच्या आत आणण्यासाठी, पण बोलेरोचं खपून गेलं, मुळात चौकोनी असल्याचा हा फायदा. जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ काही गेली नाही, २०२५ च्या सप्टेंबरपासून दर बदलले त्यातही ती आहेच, आत अठरा टक्के, बाहेर चाळीस. म्हणून रस्त्यावर बघा, पुढून हत्ती आणि मागून एकदम ताशीव भिंत, अशा गाड्या. सगळी उंची आणि रुंदी, कारण लांबीला कुलूप आहे.

तर एवढं सगळं धरलं, थाळी गेली, पत्रा पातळ झाला, वारा, टक्कर, पादचारी, कर. याने बॉनेटची उंची समजते, खांबाची जाडी समजते, डिकीचं बोडकेपण समजतं. रंगांचंही थोडंफार समजतं, आपल्या उन्हात पांढरी बरी आणि विकायला सोपी. पण रागाचं काय? भुवया खाली ओढा असं कुठल्या नियमात लिहिलंय? बोटाएवढा लाइट हसरा पण करता आला असता की. आणि ती पुढची एवढी अगडबंब जाळी, तिच्यात हात घालून बघा, निम्म्याहून जास्त ठिकाणी मागे बंद प्लॅस्टिक असतं, हवा आत जातच नाही. इलेक्ट्रिक गाडीला तर पुढे एवढी हवा नकोच असते, तरी काहींना जाळीचं चित्र काढून ठेवलेलं असतं. हे मात्र वाऱ्यावर ढकलता येत नाही, हे आपलं आहे.

खरं सांगतो, शोरूममध्ये मी काय म्हणालो होतो ते मला शब्द न् शब्द आठवतंय. बायकोला म्हणालो, रोड प्रेझेन्स बघ हिचा. रोड प्रेझेन्स म्हणजे काय तर आरशात आपण दिसलो की पुढच्याने बाजूला व्हावं. पद्मिनी घेताना बाबांना कुणी बाजूला व्हायला नको होतं, त्यांना नंबर लागला एवढंच बास होतं, कितीतरी वर्षं बुकिंग करून बसले होते, आणि रस्त्यावर बाजूला व्हायला होतंच कोण, दोन टांगे आणि एक एसटी. आता गंगापूर रोडला संध्याकाळी सात वाजता प्रत्येकजण प्रत्येकाच्या मागे दात काढून उभा. त्या गर्दीत गोल डोळ्यांची, नीट ऐकू न आलेली गाडी घेऊन उतरायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि मला वाटतं कंपन्यांना हे आपल्या आधी कळलंय.

परवा बाबांना ठाण्याहून घेऊन येत होतो, डोळ्याचं काम होतं. एकोणऐंशी वय, पुढच्या सीटवर, एसी नको म्हणून काच अर्धी खाली. कसारा घाट चढायला लागलो आणि ते जरा सरळ होऊन बसले, कान इंजिनकडे. पद्मिनीच्या वेळी हा घाट म्हणजे एक विधी होता, निम्म्यात काटा लाल, बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, ओला फडका रेडिएटरच्या झाकणावर टाकून लांबून ते फिरवायचं, फुस्स करून वाफ, मग बाटलीतलं पाणी थोडं थोडं. आई तोवर चिवड्याचा डबा काढायची.

वर आलो, घाटनदेवीच्या अलीकडे, आणि ते म्हणाले, "थांबव रे जरा, गाडीला दम खाऊ दे." मी डॅशबोर्डकडे बघितलं. तापमानाचा काटाच नाहीये हो आमच्या गाडीला, काही बिघडलं तर दिवा लागतो. म्हटलं बाबा काही तापलेली नाहीये, पण तोवर त्यांनी बेल्ट काढायला घेतला होता, म्हणून घेतली बाजूला. पाण्याची बाटली घेऊन ते खाली उतरले, पुढे जाऊन उभे राहिले, त्या काळ्या जाळीसमोर, आणि म्हणाले, उघड. मी बॉनेट उघडलं. वर सगळं काळं प्लॅस्टिकचं झाकण, कंपनीचं नाव लिहिलेलं. त्यांनी वाकून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, तळहात त्या झाकणावर ठेवून बघितला, एवढा चढ चढून आलेल्या गाडीचं ते झाकण जेमतेम कोमट.

"पाणी कुठे घालतात हिला?"

"लागत नाही बाबा."

त्यांनी अर्धी बाटली स्वतः प्यायली. उरलेलं पाणी वाकून पुढच्या चाकावर ओतलं, सावकाश, दसऱ्याला ओततात तसं, आणि म्हणाले, चल.